कॅल्शियम फवारल्याने कपाशी अळीविरुद्ध लवकर सावध होते का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की अळीने पान कुरतडलं की झाडात कॅल्शियमचा संदेश फिरतो, मग कॅल्शियम नायट्रेट फवारलं तर कपाशी आधीच सावध होईल का. नाही होणार. पण का होणार नाही, हे कळलं की झाडाकडे बघण्याची नजरच बदलते.

पेशीभित्तिकेत आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कॅल्शियम भरपूर असतं. पेशीद्रवात मात्र मोकळं कॅल्शियम त्याच्या सुमारे १०,००० पट कमी. पेशी ते सतत बाहेर उपसत असते, कारण वाढलं तर ते फॉस्फेटशी जुळून साका धरतं आणि फॉस्फेटवाचून पेशीचं काहीच चालत नाही. म्हणजे गिरणा धरण तुडुंब आणि खाली पाट कोरडा, अशी स्थिती. दार किंचित उघडलं तरी पाटात लगेच फरक दिसतो. हा फरक म्हणजेच संदेश. कॅल्मोड्युलिनसारखी प्रथिनं ते कॅल्शियम पकडतात, आकार बदलतात आणि पुढची कामं सुरू करतात. काही सेकंदांत किंवा मिनिटांत पंप ते परत उपसून टाकतात.

२०१८ मध्ये वनस्पतींचे अभ्यासक मासात्सुगु टोयोता आणि सायमन गिलरॉय यांच्या गटाने हे डोळ्यांना दाखवलं. कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन त्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात घातलं आणि पानावर अळी सोडली. पान तुटताच चमक देठातून निघाली आणि एक-दोन मिनिटांत न खाल्लेल्या पानांत पोचली, सेकंदाला साधारण १ मिलिमीटर वेगाने. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे अमिनो आम्ल सांडतं, ते पेशीपटलावरची दारं उघडतं. त्यातली दोन दारं नसलेल्या रोपांत संदेश लांबच्या पानांपर्यंत गेलाच नाही. जिथे पोचला, तिथे जॅस्मोनिक आम्ल हे झाडाचं बचावाचं संप्रेरक वाढून बचावाची तयारी सुरू झाली. मेंदू नाही, नसा नाहीत, तरी हे घडतं. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

मे महिन्यात आपल्याकडे ऊन कडक झालं आणि मुळांना पाणी पुरेनासं झालं की पानांची रंध्रं मिटतात, त्यातही कॅल्शियमचा हात असतो. थंडीच्या झटक्यालाही ते उसळतं. प्रत्येक वेळी चढ-उताराची लय आणि जागा वेगळी असते, ऐकणारी प्रथिनंही वेगळी.

आता फवारणीचं. वरून दिलेलं कॅल्शियम धरणाच्या बाजूलाच राहतं. दार उघडायला इजा लागते, साठा वाढवून ते उघडत नाही. शिवाय कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबर वर चढतं, एका पानातून दुसऱ्यात फारसं जात नाही. खरी कमतरता असेल, तर गोष्ट वेगळी. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं ते त्यामुळेच, पण तिथेही बरेचदा दोष अनियमित पाण्याचा असतो. आपल्या काळ्या जमिनीत चुना, म्हणजे कॅल्शियम, सहसा कमी नसतो, तरी माती परीक्षण करून घ्या आणि मगच खर्च करा.

पानं खाणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावा आणि पानाच्या मागच्या बाजूचे अंडीपुंज वेचून नष्ट करा.