जलरंगातला चेहरा आणि दहापैकी आठ घालमेल

निवृत्तीनंतर हौसेनं काही शिकायला घ्यावं, ते जमू नये आणि ‘आता आपलं वय गेलं’ असं वाटू लागावं, ही तक्रार समुपदेशनात माझ्याकडे नेहमी येते. त्यातलीच ही एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थांचं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. साठीनंतर जलरंगात पोर्ट्रेट शिकू लागले. पत्नीचं चित्र काढलं, तर ती हसून म्हणाली, “अहो, ही तर माझी आत्या!” तेव्हापासून काढलेलं प्रत्येक चित्र फाडायचं आणि रात्री जागत बसायचं.

“हळदणकरांना जमलं ना जलरंगात?” चित्रकार एस. एल. हळदणकरांचं नाव घेऊन त्यांनी मला विचारलं. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हळदणकरांचं, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र त्यांनी पाहिलं होतं. जमलं खरं, स्वतःच्या मुलीला समोर उभं करून, तेही साठी ओलांडल्यावर. पण त्या साठीमागे जवळजवळ चार दशकांचं काढणं-शिकवणं होतं. हे ऐकून त्यांना फारसं बरं वाटलं नाही. तुलना अशी युक्तिवादानं जात नाही.

झोपेचं मी वेगळं विचारलं. भूक, माणसांतला रस शाबूत होता. नसता तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

मग त्यांना रंगांचं सामानच घेऊन यायला सांगितलं. गालावरचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, छान बसला. तो वाळायच्या आत नाकाची कड चुकल्यासारखी वाटली आणि ब्रश परत गेला. पुन्हा गेला. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी शिरून डाग फुटला, तो झाकायला आणखी रंग, आणि गालाचा चिखल. जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड. तो बुजला की सहसा पूर्ण परत मिळत नाही.

ते म्हणत होते, हात कच्चा आहे. मला दिसली ती घाई. चूक दिसली की त्याच क्षणी दुरुस्त झाली पाहिजे! नोकरीत याच सवयीचं कौतुक झालं होतं.

ठरलं ते असं. चूक दिसली की ब्रश खाली ठेवायचा, घालमेल दहापैकी किती ते कागदाच्या कडेला लिहायचं. हाताच्या पाठीला कागद गार लागेनासा झाला, म्हणजे वाळला, की पुन्हा आकडा. आठाचे बहुधा चार व्हायचे. कित्येकदा ती चूकही उरायची नाही, कारण जलरंग वाळल्यावर फिका होतो. चित्र फाडायला परवानगी होती, पण आठवड्यानंतर.

घरच्यांचे चेहरे तूर्त बंद. त्यांच्या शिक्षकांनीही एक चांगली भर घातली: साम्य रंगात कमी, डोळ्यांच्या खोबणी आणि नाकाखालची सावली कुठे पडते त्यात जास्त, तेव्हा फक्त बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग घेऊन छायाप्रकाश गिरवा.

पत्नीचं पोर्ट्रेट अजून झालेलं नाही. सध्या ते सोसायटीच्या वॉचमनला बसवतात. तो सारखा हलतो, आणि माझ्याकडे येऊन तक्रार आता त्याचीच असते.