लॉन कापायला जीएसटी नंबर लागतो का?

प्रश्न : मी मिरजेचा. वडिलांची शेतात छोटी नर्सरी आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी सांगलीत विश्रामबागेतल्या बंगल्यांच्या लॉनची देखभाल घेतो. ब्रश कटर आणि लॉन मोअर स्वतःचे आहेत, हाताखाली दोन पोरं आहेत. आता कुपवाड एमआयडीसीतला एक कारखाना वर्षाचं काम द्यायला तयार आहे, पण ते फर्मचे कागद, जीएसटी नंबर आणि कामगारांचा विमा मागतात. मित्र म्हणतो, आधी प्रायव्हेट लिमिटेड काढ. वडील म्हणतात, आपण शेतकरी, आपल्याला कसला टॅक्स? सुरुवात कुठून करू?

उत्तर : मित्राचा सल्ला बाजूला ठेवा. दोन पोरं आणि दोन यंत्रं यांच्यासाठी कंपनी काढली तर दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं मागे लागतील, आणि पहिल्या वर्षाची कमाई माझ्यासारख्या करसल्लागारांच्या फीमध्येच जाईल. तुमच्या नावावरची मालकी संस्था, म्हणजे प्रोप्रायटरशिप, पुष्कळ झाली. तिची वेगळी नोंदणी नसते. बँकेला आणि कारखान्याला दाखवायला कागद लागतो, म्हणून उद्यम नोंदणी करा. ती आधारवर होते आणि सरकारी पोर्टलवर फुकट होते. हजार-दोन हजार मागणारी हुबेहूब संकेतस्थळं आहेत, तिथे फसू नका. शॉप अ‍ॅक्टची, एवढ्या कमी माणसांत, ऑनलाइन सूचना दिली की झालं. हे दोन कागद घेऊन चालू खातं उघडा आणि लॉनचे पैसे त्याच खात्यात घ्या.

व्यवसाय कर मात्र लोक हटकून विसरतात. स्वतःचा वर्षाला 2,500 रुपये. शिवाय पोरांना महिना 7,500 च्या वर पगार देत असाल तर मालक म्हणून दुसरा नंबर घ्यावा लागतो आणि त्यांच्या पगारातून कापून भरावा लागतो. 10,000 च्या वर पगार असेल तर महिना 200, फेब्रुवारीत 300. रक्कम किरकोळ आहे, पण चार-पाच वर्षांनी व्याज-दंडासकट नोटीस येते तेव्हा किरकोळ वाटत नाही.

आता जीएसटी. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. 40 लाखांची मर्यादा निव्वळ माल विकणाऱ्यांची, ती तुम्हाला लागू नाही. कारखान्याच्या खरेदी विभागाच्या फॉर्मवर जीएसटी नंबरचा रकाना असतो म्हणून ते मागतात. त्यांना लेटरहेडवर लिहून द्या की उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने नोंदणी नाही आणि बिलात कर आकारलेला नाही. चालतं. नंबर नसताना बिलात 18 टक्के लावणं मात्र गुन्हा आहे. तशी बिलं छापून घेणारे मी पाहिलेत, ‘बिल वजनदार दिसतं’ म्हणे! एक बारकावा लक्षात ठेवा. रोपांवर जीएसटी शून्य आहे, पण बाहेरून रोपं आणून तुम्ही ग्राहकाला विकली तर ती विक्री 20 लाखांच्या मोजणीत धरली जाते. महापालिकेच्या उद्यानाच्या नुसत्या देखभालीचं काम मिळालं तर ती सेवा करमुक्त आहे, तरी मोजणीत तीही येते.

वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न कायद्याने शेतीचंच धरलं जातं, त्यावर आयकर नाही. पण लॉन कापणं, खत घालणं, तण काढणं ही शेती नव्हे, तो धंदा. दोन्ही एकाच वहीत लिहिलंत की आयकरवाला सगळंच धंद्यात ढकलणार आणि ते खोडून काढायला तुमच्याकडे कागद नसणार. म्हणून वडिलांकडची रोपं तुमच्या कामावर लावलीत तर वडिलांच्या नावाचं बिल घ्या आणि त्यांच्या खात्यात पैसे टाका. बापलेकांत बिल कसलं, असं घरात होईल. होऊ द्या. पुण्याहून घाऊक आणून पुन्हा विकलेली रोपं मात्र कोणाच्याही नावावर असली तरी शेती नाहीत.

आयकराला तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बसता, आम्ही लोक जिला कलमावरून अजून 44 एडी म्हणतो. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशांवर किमान 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा दाखवायचा, हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. 9 लाख बँकेतून आले तर किमान नफा 54,000. पण हा आकडा किमान आहे. प्रत्यक्षात 4 लाख सुटत असतील तर 4 लाख दाखवायचे. तसंही नव्या करप्रणालीत 12 लाखांच्या उत्पन्नापर्यंत धंद्याच्या कमाईवर कर शून्यावर येतो, मग लपवायचं काय? उद्या टेम्पोसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा 54,000 चं रिटर्न पाहून मॅनेजर चहासुद्धा विचारणार नाही. कारखाना तुमच्या बिलातून 1 टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापेल. पॅन दिलं नाहीत तर 20 टक्के कापेल. ते पैसे तुमचेच आहेत, रिटर्न भरलं की परत मिळतात.

आता विम्याकडे येतो. तुम्ही तो शेवटी लिहिलाय, मी असतो तर सगळ्यात आधी केला असता. कारखाना विमा मागतो तो तुमच्या काळजीपोटी नव्हे. ठेकेदाराच्या माणसाला आवारात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने आधी कारखान्यावर येते आणि कारखाना ती तुमच्याकडून वसूल करतो. रक्कम किती, तर 30 वर्षांच्या, महिना 12,000 पगाराच्या माणसाचा मृत्यू झाला तर पगाराचा निम्मा भाग गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा घटक 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात हे गणित 1984 च्या दुरुस्तीने आलं, पुढे पगाराचा टक्का आणि पगाराची मर्यादा बदलत गेली. या भरपाईच्या विम्याला एजंट ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी’ म्हणतात. हप्ता वाचवायला पॉलिसीत पगार 5,000 लिहितात आणि देतात 12,000. मग कंपनी 5,000 च्या हिशेबाने देते आणि उरलेली रक्कम मालकाच्या उरावर. पगार खरा लिहा आणि बँकेतून द्या.

दुसरा विमा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. ब्रश कटरचं गार्ड गवत अडकतं म्हणून काढून ठेवायची सांगलीत सर्रास पद्धत आहे. मोकळं पातं फरशीच्या कडेला लागलं की खडी बंदुकीसारखी उडते. माझ्या एका अशिलाच्या कामावर ती शेजारच्या गाडीची मागची काच फोडून आत सीटवर पडली. सीट रिकामी होती. काचेचे पैसे त्याने खिशातून भरले. तिथे मूल बसलेलं असतं तर त्याचं घर विकलं असतं तरी पुरलं नसतं. एजंटला ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणून सांगा, पण 1991 च्या कायद्याखालची घातक रसायनांसाठीची पॉलिसी गळ्यात मारून घेऊ नका, नाव सारखंच आहे. आणि गार्ड परत बसवा. फरशीजवळ पातं काढून नायलॉनची दोरी लावा.

माती वाहायला घरचा ट्रॅक्टर वापरत असाल तर त्याचा विमा शेतीकामाचा आहे. धंद्याच्या खेपेत अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. यंत्रं कुठे ठेवता तेही लिहिलं नाहीत. सांगलीत असाल तर 2019 आणि 2021 चे पूर आठवा. लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी सगळ्याच सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे, तिच्यात पूर धरलेला असतो. यंत्रांची बिलं आणि त्यांच्यावरच्या नंबरच्या पट्टीचे फोटो मोबाइलबाहेरही ठेवा. 2019 ला माझ्या गणपती पेठेतल्या ऑफिसात ज्यांच्या फायली भिजल्या त्यांना याचं कारण विचारा. पोरांसाठी बँकेतून 20 रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमाही काढा, अपघाताला 2 लाख. तो वरच्या विम्याच्या बदल्यात नव्हे, त्याच्या जोडीला.

कारखान्याशी करार लेखी हवा. 500 च्या मुद्रांकावर महिन्यातल्या फेऱ्या, पाणी-वीज कोणाची, रोप मेलं तर कोणाचं आणि पैसे किती दिवसांत, एवढं लिहा. उद्यम नोंदणी असेल तर 45 दिवसांपलीकडे पैसे अडकवणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज लागतं. ती ओळ करारात असली की अकाउंट्स विभाग जरा लवकर सही करतो.

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरीत आम्ही दोघी मैत्रिणी मिळून बंगल्यांच्या बागा सांभाळतो. लॉनला हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली की मालक म्हणतात, तुम्हीच औषध मारा. परवाना लागतो का?

उत्तर : लागतो. स्वतःच्या शेतात फवारणं वेगळं. दुसऱ्याच्या जागेत पैसे घेऊन कीटकनाशक मारणं 1971 च्या नियमांत व्यावसायिक कीडनियंत्रणात मोडतं, आणि त्याच्या परवान्याला शेतीची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि प्रशिक्षण लागतं. मालकाने बाटली आणून दिली म्हणून तुम्ही सुटत नाही. परवानाधारकाला बोलवा, त्याचं बिल थेट मालकाच्या नावावर घ्या. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्यांच्याही अंगावर धड कपडे नव्हते की तोंडाला मास्क नव्हता. हुमणीसाठी औषधाआधीचं काम वळवाच्या पावसानंतर असतं. हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर बसतात, तेव्हा फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. याला परवाना नको.

आणि दोघी नफा वाटून घेता म्हणजे कायद्याने तुम्ही भागीदार झालात. करारपत्र करून फर्म नोंदवली नाही तर पैसे बुडवणाऱ्या ग्राहकावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही. आणखी एक, फर्मला पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आहे, 12 लाखांची सवलत नाही. बागा वाटून घेऊन दोघींनी आपापल्या नावाने बिलं केलीत तर स्वस्त पडेल.

प्रश्न : बंगल्यातलं आंब्याचं झाड लॉनवर सावली धरतं. मालक म्हणतो, तोडून टाक, माझंच आहे. तोडू का? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही. शहर हद्दीत 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, झाड कोणाच्याही कुंपणात असो. अर्ज मालकाने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. कुऱ्हाड चालवणाराही गुन्ह्यात धरला जातो, म्हणून परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय फांदीलाही हात लावू नका. तोवर सावलीत लॉन नको, तिथे वेगळी झाडं सुचवा.