नाही म्हणणारा माणूस

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि हस्तलिखित दोन्ही मिळाले. दोन प्रकाशकांनी कादंबरी परत केल्यावर आता आपणच प्रकाशक व्हावे का, आणि झालोच तर आपल्याच भुताच्या गोष्टीने आरंभ करणे हास्यास्पद दिसेल का, या पेचात तू सापडली आहेस. कागद किती जाड घ्यावा, प्रती किती काढाव्यात, मुखपृष्ठावर चेहरा असावा की नुसता अंधार, हे सारे तू विचारलेस. छापखान्यात जाण्यापूर्वी हे पुस्तक कोण वाचणार आहे, एवढे मात्र विचारले नाहीस.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढण्यात लाज कसली? ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री या दोन लेखकांनी 1939 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अर्कहॅम हाउस ही प्रकाशनसंस्था काढली, ती एच. पी. लवक्राफ्ट या आपल्या दिवंगत पत्रमित्राच्या भयकथा मोठे प्रकाशक छापत नव्हते म्हणून. छपाईसाठी डर्लेथने घर बांधायला काढलेल्या कर्जाला हात घातला. पहिल्या पुस्तकाच्या 1,268 प्रती निघाल्या आणि त्या खपायला सुमारे चार वर्षे लागली. दुसरे पुस्तक, 1941 मधले, डर्लेथचे स्वतःचेच होते. त्याला कोणी हसले असेल तर हसो. मला मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: प्रकाशक म्हणून त्याचा हात आधी दुसऱ्याच्या पुस्तकावर बसला.

बाजारात चालणार नाही म्हणून मिळणारा नकार हा व्यवहार आहे. तो मनाला लावून घेऊ नकोस. पण मी म्हणतो तो नकार निराळा. तुझे भले चिंतणारा, तुझे वाक्य न् वाक्य वाचलेला माणूस जेव्हा ‘हे प्रकरण नको’ म्हणतो, तो नकार तुला हवा आहे. प्रकाशनसंस्था काढताच तो आपोआप नाहीसा होतो, कारण लेखक तू, संपादक तू आणि पैसे देणारीही तूच.

भयकथेत तर ही उणीव फारच महागात पडते. विनोद फसला तर तो लिहिणाऱ्यालाही कळतो; भीती कोठे गळून गेली हे मात्र त्याला कधीच कळत नाही, कारण दाराआड काय आहे ते त्याला आधीपासून ठाऊक असते. एम. आर. जेम्स हा इंग्रज भयकथाकार केंब्रिजमध्ये आपल्या भुताच्या कथा मित्रांना मोठ्याने वाचून दाखवत असे आणि त्यांचा संग्रह 1904 साली, म्हणजे नंतर, निघाला. समोरचा माणूस कोठे चुळबुळला आणि कोठे थिजला, हे त्याला छपाईआधीच दिसले असणार.

मला ते दिसले नाही. माझ्या पहिल्या संग्रहातील मुख्य कथेत रिकाम्या घरात कोणीतरी जिन्याच्या पायऱ्या मोजते आणि दर रात्री एक पायरी जास्त भरते. माझी मुद्रिते तपासणाऱ्या मित्राने शेवटचे दीड पान काढायला सांगितले, कारण त्यात मी तो आवाज कोणाचा, मरण कसे आले, सारे उलगडून ठेवले होते. मी काय केले असेल? पुढच्या पानांची मुद्रिते त्याच्याकडे पाठवणेच बंद केले. कागद आला होता, छपाईची तारीख ठरली होती, आणि तोही बोलला होता जरा तिरकसच; या सबबी मला आजही पाठ आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतली शेवटची मला अजूनही थोडीशी पटते. हजार प्रती निघाल्या. वितरकाने परत पाठवलेले गठ्ठे पलंगाखाली सरकवताना दर वेळी मला तेच दीड पान आठवे.

म्हणून सांगतो, आधी नाही म्हणणारा माणूस शोध. तो लेखकच असला पाहिजे असे नाही. स्तुती करायची सवय नसलेला असावा. त्याला मानधन दे, म्हणजे त्याचा शब्द टाळणे तुला जड जाईल. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने 1757 साली आपल्या घरी छापखाना घातला होता. तरीही 1764 ची आपली भुताटकीची कादंबरी त्याने लंडनच्या पुस्तकविक्रेत्याकडून, खोट्या नावाने, इटालियनमधील जुन्या ग्रंथाचे भाषांतर म्हणून काढली आणि ती आपलीच असल्याचे दुसऱ्या आवृत्तीत कबूल केले. छापखाना दाराशी असूनही त्याला अनोळखी वाचकाचे मत आधी हवे होते, असा माझा तर्क आहे. अभ्यासक निराळी कारणे देतील.

प्रतींबद्दल थोडक्यात: संख्या वाढवली की प्रतीमागचा खर्च उतरतो आणि त्या मोहानेच घर गठ्ठ्यांनी भरते. मागणीनुसार छपाईत प्रत महाग पडते, पण चूक सुधारता येते. तू तोच मार्ग धर. कागदाचे नंतर बघू. नाही म्हणणारा माणूस मिळेपर्यंत कागदाला हातही लावू नकोस.

हस्तलिखित परत पाठवतो आहे. बंद खोलीतील खुर्ची रोज सकाळी खिडकीकडे वळलेली सापडते, तेथे मी खरोखर दिवा मोठा केला. त्यानंतरची नऊ पाने, ज्यांत खुर्चीवर बसणारीची सारी वंशावळ आहे, मी वेगळ्या पाकिटात घातली आहेत. त्यांच्यावाचून कादंबरी एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला दे आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत मला कळव. तू माझ्यावर रागावली असशील, तर तेही त्याच पत्रात लिही.