‘माजी कम्यून’ म्हणावे का?

प्रश्न या वाक्याबद्दल आहे: ‘फेरव्हाक हे फ्रान्समधील माजी कम्यून आहे. २०१६ मध्ये ते लिव्हारोमध्ये विलीन झाले.’

‘माजी’ माणसाला लागतो. माजी सरपंच, माजी सैनिक, माजी विद्यार्थी. गाव माजी होत नाही. म्हणून ‘पूर्वीचे गाव’ लिहावे, तर तेही चूक, कारण गाव जागेवरच आहे. संपले ते कम्यून, म्हणजे गावाचा स्वतंत्र कारभार. तेव्हा ‘पूर्वीचे कम्यून’ चालेल, ‘पूर्वीचे गाव’ नाही.

खरी गफलत ‘लिव्हारोमध्ये विलीन’ यात आहे. १ जानेवारी २०१६ रोजी काल्वादोस जिल्ह्यातली २२ कम्यून एकत्र आली आणि ‘लिव्हारो-पेई-दोज’ हे नवे कम्यून झाले. चीजसाठी प्रसिद्ध असलेले खुद्द लिव्हारोही त्या २२ मधलेच एक, म्हणजे त्याचेही स्वतंत्र कम्यून त्याच दिवशी संपले. पुण्याची गोष्ट वेगळी: तिथे महापालिका तीच राहिली, हद्द वाढली आणि गावे आत आली, म्हणून आपण ‘समाविष्ट गावे’ म्हणतो. इथे ‘एकत्रीकरण’ हाच शब्द नेमका.

अशा एकत्र आलेल्या गावाला फ्रेंचमध्ये ‘कम्यून देलेगे’ म्हणतात. त्याचा शब्दशः तर्जुमा करू नये. ‘घटक राज्य’सारखे ‘घटक गाव’ म्हणावे. अशा गावाला आपला मेअर आणि मेरीची, म्हणजे कम्यूनच्या कचेरीची, शाखा असते. या मेअरला ‘उपमेअर’ म्हटले की घोळ होतो, कारण मेअरच्या हाताखालचा ‘अजुआँ’ हे निराळे पद आहे. ‘महापौर’ तर मुळीच नको. फ्रान्समध्ये मार्सेयसारखे महानगरही कम्यून आणि शंभर वस्तीचे खेडेही कम्यून, आणि मेअर दोन्हीकडे ‘मेर’च. आपल्याकडे मात्र सरपंच, नगराध्यक्ष, महापौर अशी उतरंड आहे. खेड्याला महापौर दिला की वाचक हसतो. ‘कम्यून’ला ‘ग्रामपंचायत’ही म्हणवत नाही, मार्सेय आडवे येते. ‘कम्यून’च ठेवावे, फक्त आश्रमाचे किंवा साम्यवाद्यांचे नव्हे, हे पहिल्या उल्लेखात कळू द्यावे.

काल्वादोससारख्या ‘देपार्तमाँ’ला ‘विभाग’ म्हणण्याची सवयही सोडावी. आपल्याकडे विभागात जिल्हे असतात. इथे ‘जिल्हा’ जवळचा.

सुधारलेले वाक्य: ‘फेरव्हाक हे फ्रान्सच्या काल्वादोस जिल्ह्यातले गाव. २०१५ अखेरपर्यंत त्याचे स्वतंत्र कम्यून (स्थानिक कारभाराचे एकक) होते. १ जानेवारी २०१६ पासून ते लिव्हारो-पेई-दोज या नव्या कम्यूनचे घटक गाव आहे.’

उच्चारही सांभाळा: ‘लिव्हारोट’ नव्हे, शेवटचा ट मुका आहे.