पान कितवं, ते विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीवरच्या परीक्षणाखाली आलेल्या कमेंट्सचे, काल रात्री साडेअकराला तू पाठवलेले चारही स्क्रीनशॉट सकाळी चहा टाकायच्या आधी पाहिले. खाली तुझी एक ओळ होती, ‘बाई, आता लिहायचंच बंद करते.’ मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी तुझं परीक्षण उघडून दोनदा वाचलं आणि मगच कमेंट्सकडे वळले. हा क्रम मुद्दाम सांगतेय. तू तीन दिवस नुसत्या कमेंट्स वाचते आहेस. त्यानंतर स्वतःचं परीक्षण एकदाही उघडलं नसशील, अशी माझी खात्री आहे.

परीक्षण चांगलं आहे. कादंबरीतली पहिली दीडशे पानं का धरून ठेवतात आणि नायक शहरात आल्यावर सगळी माणसं एकाच तोंडानं का बोलू लागतात, हे तू दाखवून दिलं आहेस. आजीचं पान २१२ वरचं बोलणं आणि रिक्षावाल्याचं पान २४० वरचं बोलणं तू शेजारी शेजारी ठेवलंस, ती जागा मला फार आवडली. एवढ्या नावाजलेल्या लेखकाबद्दल असं लिहायचं तर पुस्तक नीट वाचलेलं असावं लागतं. तू ते वाचलं आहेस. त्यामुळे लिहिणं बंद करण्याची गोष्ट माझ्यापुरती तरी इथेच संपली.

राहता राहिल्या त्या त्रेसष्ट कमेंट्स.

मी रविवारच्या पुरवणीत परीक्षणं लिहायला लागले, तेव्हा अनोळखी माणूस पोस्टकार्डावरून यायचा. परीक्षण छापून आलं की आठ-दहा दिवसांनी कार्डं यायची. लिहायला लागून वर्षही झालं नसेल, तेव्हाची गोष्ट. एका ग्रामीण कादंबरीवर लिहिताना मी ठणकावून म्हटलं होतं की लेखकाला शेतीतलं काही ठाऊक नाही, कारण त्यानं मोटेचे, म्हणजे चामड्याच्या मोठ्या पिशवीनं विहिरीतून पाणी ओढणारे, बैल उलट्या पावली मागे सरत विहिरीकडे येताना दाखवलेत. मी पेठेत वाढलेली मुलगी. बैल पाहिले होते ते गाडीला जुंपलेले. बैल असा मागे चालेल, हे मला पटेना. कुणाला विचारावं असंही तेव्हा वाटलं नाही.

दहाव्या दिवशी मंगळवेढ्याकडून एक कार्ड आलं. निळी शाई, मुंगीएवढं अक्षर, समासातही आडवं लिहिलेलं. पहिलीच ओळ होती, ‘बाईसाहेब, जन्मात कधी विहीर पाहिली आहे का?’ मी कार्ड पालथं घातलं. दोन दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं. स्वयंपाक करताना, बसमध्ये, वर्गात शिकवताना ती एकच ओळ डोक्यात घुमत होती आणि तिला द्यायची उत्तरं मी मनात जुळवत होते. तिसऱ्या दिवशी उरलेलं कार्ड वाचलं.

खाली त्या माणसानं मोट कशी चालते ते सांगितलं होतं. मोट पाण्यानं भरली की बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, खाली उतरतात. त्यांच्या वजनानं नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणला जातो, मोट वर येते आणि विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात रिकामी होते. मग बैल तोंड न फिरवता तसेच मागे सरत विहिरीपाशी येतात, तशी रिकामी मोट पुन्हा पाण्यात उतरते. वासराला हे शिकवायला किती दिवस लागतात, तेही लिहिलं होतं. कोपऱ्यात एक तिरकी रेघ, तिच्यावर दोन बैल आणि मागे जाणारा बाण, असं चित्र काढलं होतं. शेवटची ओळ होती, ‘लेखकाचे बरोबर आहे. पान ४७ पुन्हा वाचावे.’

पान ४७ पुन्हा वाचलं. लेखकाचं बरोबर होतं. पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापून आणली आणि त्या गृहस्थांना आभाराचं कार्ड टाकलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघत आले. बोलणाऱ्याच्या हातात पुस्तक आहे का? असेल, तर तो कितीही तिरसट असो, त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं. अपमान बहुधा पहिल्याच ओळीत असतो आणि तिथेच आपण वाचणं थांबवतो. माझी पान ४७ ची चूक त्यामुळे दोन दिवस तशीच राहिली होती.

तुझ्या कमेंट्स मी आज पेन्सिल घेऊन कागदावर मांडल्या. पुस्तक उघडून बोलणारे नऊ जण निघाले. तुझ्या रडण्याच्या भरात ते तुला दिसलेही नसतील. त्यातल्या एकानं तुला ‘पोरकट’ म्हटलंय, पण त्याच्यापुढे तो म्हणतो की ही सगळी गोष्ट नायक म्हातारपणी आठवून सांगतो आहे, म्हणून सगळ्यांच्या बोलण्याला त्याचाच वास येतो. ‘पान ११ बघा,’ असंही त्यानं लिहिलंय. मी माझ्याकडची प्रत काढून पाहिली. पान ११ वर तसं खरंच आहे. याचा अर्थ तुझा मुद्दा पडला, असा नाही. आठवून सांगणाऱ्यालाही आजी आणि रिक्षावाला वेगळे ऐकू यायला हवेत, असं तू म्हणू शकतेस आणि मीही तेच म्हणेन. पण पान ११ तुझ्या नजरेतून सुटलं होतं, हे खरं. त्याला लिही, ‘पान ११ माझ्या लक्षात आलं नव्हतं, आता परत वाचलं. तरीही मला असं वाटतं, कारण…’ आणि कारण दे. ‘पोरकट’ या शब्दाला उत्तर देऊ नकोस.

आता एक कडू गोष्ट. तुझ्या परीक्षणात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘असा माणूस घरातल्या बायकांशी कसा वागत असेल, याची कल्पनाही करवत नाही.’ सगळ्यात घाण कमेंट्स याच वाक्याला धरून आल्या आहेत, हे तू पाहिलंस का? त्या घाण आहेत म्हणून तुझं वाक्य योग्य ठरत नाही.

मी लिहायला लागले त्या आठवड्यात पुरवणीच्या संपादकांनी मला एक टाईप केलेला कागद दिला होता. त्यावर १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं बदनामीचं कलम ४९९ आणि त्याचा सहावा अपवाद होता. माणूस पुस्तक छापतो म्हणजे तो ते लोकांच्या निवाड्यापुढे ठेवतो आणि त्या पुस्तकाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत बदनामी होत नाही, असा तो अपवाद. खाली उदाहरणं आहेत. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा तो दुबळ्या मनाचा असला पाहिजे, असं म्हटलं तर चालतं. कारण तो माणूस पुस्तकात जेवढा दिसतो तेवढ्याबद्दलच आपण बोललो. पण अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे याचं मला नवल नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि बदफैली आहे, असं म्हटलं की अपवादाचं छत्र उडालं. शब्द जवळजवळ तेच, पण एकात आपण पुस्तकाकडून माणसाकडे जातो आणि दुसऱ्यात माणसाकडून पुस्तकाकडे येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ३५६ झाला, अपवाद आणि उदाहरणं तशीच राहिली.

कायद्याची भीती घालायला हे सांगत नाही. परीक्षण कसं लिहावं यावर मी पुष्कळ वाचलं, पण त्या कागदाइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. लेखक घरी कसा वागतो, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. पुस्तकातल्या तिन्ही बायका दार उघडण्यापुरत्या आणि चहा आणण्यापुरत्या येतात, हे मात्र तुला माहीत आहे. तू पानं मोजली आहेस. तेच लिही. जुनं वाक्य काढ आणि खाली एक ओळ टाक की अमुक वाक्य काढलं, ते पुस्तकाबद्दल नव्हतं. गुपचूप बदलू नकोस. ज्यांनी ते वाचलंय त्यांना ते दिसतं, आणि मग तुझ्या बाकीच्या वाक्यांवरही कुणाचा विश्वास राहत नाही.

भाषेवरून बोलणाऱ्यांचं मला मनाला लागलं. तुलाही तेच सगळ्यात जास्त लागलंय, हे तू न सांगता कळतंय. ‘परीक्षण’ हा शब्द तू चार ठिकाणी ऱ्हस्व ‘रि’ घालून लिहिला आहेस. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, एवढंच शुद्धलेखन आहे. एका रविवारी बसून शिकता येतं. दुरुस्त कर, दाखवणाऱ्याला ‘आभारी आहे’ म्हण आणि पुढे चल. पण ‘पुस्तक वाचायला भेटलं’ यावर जी थट्टा झालीय, त्यावर एक अक्षरही बदलू नकोस. तुझ्या घरी, तुझ्या गावात पुस्तक भेटतं. महामंडळाच्या एकाही नियमात त्याला मनाई नाही. ‘आधी मराठी शिका, मग टीका करा’ असं लिहिणाऱ्यानं तुझ्या मुद्द्याला हातही लावलेला नाही.

ही खोड जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली. मराठी गद्यावर त्यांचे उपकार आहेतच. पण त्याच निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची टर उडवलेली आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आली, ती आजही छापली जाते आणि वाचली जाते. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घावर आज कोण बोलतं?

आता तो एकजण, ज्यानं ‘कुठल्या कॉलेजला जातेस माहितीये’ असं लिहिलंय. त्याला उत्तर नाही, एका शब्दाचंही नाही. त्याची कमेंट, त्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो काढून ठेव, त्याच्या प्रोफाइलची लिंक जपून ठेव आणि मगच त्याला ब्लॉक कर. आधी डिलीट केलंस तर हातात काही उरणार नाही. आजच्या आज आईबाबांना सांग. पुन्हा काही आलं तर सायबर पोलिसांकडे जायचं, मी तुझ्याबरोबर येईन. धमकी देणं आणि इंटरनेटवरून बाईच्या मागावर राहणं हे दोन्ही गुन्हे आहेत. नुसत्या शिव्या देणारे जे दोघं-तिघं आहेत त्यांना रेस्ट्रिक्ट करून टाक, म्हणजे त्यांची कमेंट त्यांची त्यांनाच दिसत राहील.

मग उरतात ते लेखकावर जीव असलेले. ते तीसेक तरी आहेत. ‘तुझी लायकी काय’, ‘त्यांच्या नखाची सर नाही’ वगैरे. यांच्यावर मी रागावू शकत नाही. वसतिगृहाच्या खोलीत, एकटं असताना, एकोणिसाव्या वर्षी ज्यानं हा लेखक वाचला असेल, त्याला तुझं परीक्षण घरच्या माणसावर कुणी बोट उगारल्यासारखं वाटलं असणार. तुझ्या आवडत्या कवीबद्दल मी वर्गात सहज काही बोलले होते, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हतीस, आठवतं का? यांना एकेकट्याला उत्तर देत बसू नकोस, आणि त्यांना मूर्ख समजूनही वागू नकोस. पुढच्या परीक्षणात याच लेखकाच्या एखाद्या चांगल्या पुस्तकावर लिहिता आलं आणि तुला ते खरोखर आवडलं असेल, तर जरूर लिही. समजूत काढायची म्हणून मात्र नको.

रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेव. मला पोस्टकार्डाला उत्तर द्यायला दोन दिवस मिळाले होते, तुला दोन मिनिटंही मिळत नाहीत; ते दोन दिवस तुलाच काढून ठेवावे लागतील. उत्तर आधी वहीत लिही. सकाळी वाच. सकाळीही तसंच वाटलं तर टाक.

आणि तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये अगदी तळाशी, अर्धवट कापली गेलेली एक कमेंट आहे. कुणीतरी विचारलंय की त्यांच्या आईला हे पुस्तक द्यावं म्हणते, आई सातवीपर्यंत शिकलेली आहे, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तर पुस्तकातला टाईप मोठा आहे का, आणि पहिला भाग वाचून तिला पुढे जावंसं वाटेल का. त्याला शून्य लाईक आहेत आणि तीन दिवसांत कुणीच उत्तर दिलेलं नाही. तूही नाही. टाईप बारीक आहे, मी आत्ताच पाहिलं. पहिल्या दीडशे पानांबद्दल काय सांगायचं, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पत्र वाचून झालं की त्यांना लिही.

तुझी,
बाई