नंदी देवळामागे का?

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच औंढा नागनाथाला गेलो. सगळ्या महादेवाच्या देवळांत नंदी पुढे असतो, इथे तो देवळाच्या मागे. विचारले तर म्हणाले, नामदेवांसाठी देऊळ फिरले. सोबत मुलगा होता. तो इंजिनीअर आहे, त्याला हसू आले. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, पोराला हसू द्या. हसून झाले की मात्र गोष्ट पुरती ऐकवा. बहुतेक लोक अर्धीच ऐकून परतीची एसटी धरतात.

आमच्या भागात ती अशी सांगतात. नामदेव महाराज संतमंडळींबरोबर औंढ्याला आले आणि नागनाथाच्या दारात कीर्तनाला उभे राहिले. टाळमृदंगाला लोक जमले, वाट अडली. अभिषेकाला निघालेल्या पुजाऱ्यांना राग आला. तुमचा विठोबा पंढरपुरात, महादेवाच्या दारात हरीचे नाव कशाला? आणि शिंप्याच्या पोराने आमची वाट अडवायची? जा मागे! नामदेवांनी वाद घातला नाही. मागे गेले, तिथे अभंग धरला आणि देवळाने तोंड फिरवले. आतले पुजारी बाहेर येतात तो कीर्तन पुन्हा समोर. नंदी तेवढा जिथल्या तिथे राहिला. औंढ्यात दिलेल्या माझ्या मावशीला लहानपणी आम्ही विचारायचो, नंदीला का नाही फिरवले? ती म्हणायची, "देवाला नामा पायजे होता. नंदी काय, रोजचाच!"

आता मुलाला सांगण्यासारखे. ही हकिगत खुद्द नामदेवांच्या नावाच्या एका पदात आहे आणि ते पद शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहे. ग्रंथाची पहिली प्रत 1604 साली सिद्ध झाली. त्यात नामदेवांची 61 पदे घेतली आहेत. या पदात नामदेव म्हणतात, मी हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो तर मला धरून उठवले. यादवराया, माझी जात हीन, छिप्याच्या, म्हणजे शिंप्याच्या, घरी मला जन्म तरी कशाला दिलास? मग कांबळे उचलून ते देवळामागे जाऊन बसतात. शेवटी नामा हरीचे गुण गातो तसतसे देऊळ भक्तांकडे वळते. पंडितांच्या वाट्याला देवळाची पाठ येते ती ग्रंथातल्याच त्यांच्या दुसऱ्या एका पदात.

त्या पदात औंढ्याचे नाव नाही, नागनाथाचेही नाही. गाऱ्हाणे घातले आहे ते यादवरायाला, म्हणजे कृष्णाला. औंढ्याचे नाव घेऊन सविस्तर कथा सांगितली ती महिपतीबुवा ताहराबादकरांनी, 'भक्तिविजया'त, 1762 साली. नामदेवांचा काळ 1270 ते 1350. म्हणजे मध्ये चार शतके गेली. एवढ्या वर्षांत कथेला गाव मिळाले, मानकरी मिळाले, मागे राहिलेला नंदीही मिळाला. पण कांबळे उचलून मागे जाणारा माणूस पहिल्यापासून आहे. देऊळ किती अंशांत फिरले याचा हिशेब तुमचा मुलगा मांडील, त्याला मांडू द्या. माणसाला दंडाला धरून बाहेर काढले, याला मात्र चमत्कार लागत नाही. माझे लक्ष दर वेळी तिथेच अडकते, देऊळ फिरण्यापाशी नाही.

कर्नाटकात उडुपीला अशीच गोष्ट आहे. कनकदास कुरुब समाजाचे, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारखे. त्यांना आत सोडले नाही. ते देवळामागे उभे राहून गात राहिले. तिथे देऊळ फिरले नाही, आतली कृष्णाची मूर्ती पश्चिमेकडे वळली आणि भिंतीला भगदाड पडले. आज तिथे खिडकी आहे आणि लोक अजून त्या खिडकीतूनच दर्शन घेतात.

दगडाचे म्हणाल तर जोत्याकडे बघा. खालचा भाग यादवकाळी धाटणीचा, आपण हेमाडपंती म्हणतो तो : काळा दगड, हत्तींच्या रांगा, मूर्तीवर मूर्ती. नजर वर नेलीत की एकदम विटा आणि चुना लागतो. औरंगजेबाच्या काळात देवळाची मोडतोड झाली आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असे सांगतात. फौजेवर भुंग्यांचे मोहोळ उठले आणि पुढची तोडफोड थांबली, हीसुद्धा औंढ्याची लाडकी गोष्ट. माझा आपला कयास, जे देऊळ एकदा मोडले आणि पुन्हा उभारले, त्यातला नंदी त्या उस्तवारीत कुठेही बसू शकतो. मावशीला हे पटले नसते.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर एकजण सारखा लिहितो, की खरे नागेश्वर ज्योतिर्लिंग द्वारकेजवळचे, औंढ्याचे नव्हे. खरे कोणते?
– एक वाचक भगिनी, सेलू

उत्तर : ताई, दावेदार दोन नाहीत, तीन आहेत. तिसरे उत्तराखंडातले जागेश्वर. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात फक्त 'नागेशं दारुकावने' एवढेच आहे. आता दारुकावन कुठे, ते ज्याने त्याने आपापल्या गावाजवळ शोधले.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत कथा आहे ती दारुका राक्षसीची. पार्वतीच्या वराने तिला असे वन मिळाले होते, की ती जाईल तिकडे ते मागून जायचे. और्व ऋषींनी शाप दिला, की पृथ्वीवर प्राण्यांना छळाल तर मराल. तेव्हा बाईने अख्खे वनच समुद्रात नेले आणि नावेतून जाणाऱ्यांना धरून डांबायला सुरुवात केली. त्यात सुप्रिय नावाचा एक वैश्य, शिवभक्त. त्याने तुरुंगातच पूजा मांडली, बाकीच्या कैद्यांनाही नामाला लावले. राक्षस मारायला धावला तेव्हा शंकर प्रकटले आणि तिथेच नागेश्वर म्हणून राहिले. हे वन पश्चिम समुद्राकाठचे, म्हणून गुजरातवाल्यांचे पारडे जड होते, हे मोकळेपणी मान्य करावे.

औंढ्याचे लोक समुद्राच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांची कथा पांडवांची. वनवासात पांडव इथे आले, गाई पाण्यात उतरून आपोआप पान्हा सोडतात हे भीमाने पाहिले, शोध घेतला तर पाण्यात लिंग. मग धर्मराजाने देऊळ बांधले.

त्या गृहस्थाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. परळी वैजनाथच्या माणसापुढे झारखंडातल्या देवघरच्या वैद्यनाथाचे नाव काढून बघा, म्हणजे कळेल असली भांडणे कुठवर जातात. तसेही मुख्य देवळाभोवती बारा ज्योतिर्लिंगांची छोटी देवळे आहेत. औंढ्यात नागनाथाबरोबर सगळ्यांचेच दर्शन होते.

प्रश्न : रथोत्सव महाशिवरात्रीलाच असतो का? रथ पाच वेळा फिरतो, त्यामागे काही कथा आहे?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, त्याच दिवशी नसतो, आणि इथेच बाहेरगावचे लोक फसतात. माघ वद्य चतुर्दशीला शिवरात्र, त्या दिवशी दर्शनाची रांग. रथ निघतो पुढे चार-पाच दिवसांनी, यात्रा रंगात आल्यावर, रात्री. संस्थानात फोन करून दिवस विचारून घ्या आणि मगच निघा. हिंगोलीहून अंतर साधारण 25 किलोमीटर, परभणीहून 50.

रथाच्या देवळाभोवती पाच प्रदक्षिणा होतात. पाच का, याला शंकराची पाच मुखे, पंचाक्षरी मंत्र अशी उत्तरे मिळतात. कोणतेही घ्या. मला विचाराल तर कोपऱ्यावर उभे राहा. लाकडी रथाला सुकाणू नसते. सरळ वाटेवर तो माणसांच्या जोरावर चालतो, पण वळवायचा म्हणजे एका चाकाखाली ठोकळा सारायचा, दुसरी बाजू ओढायची, ठोकळा काढायचा, पुन्हा सारायचा. ठोकळा सारणाऱ्याचा हात चाकाखाली आणि नजर दोर धरणाऱ्यांवर. 'हर हर महादेव' झाले की रथ हातभर सरकतो. देऊळ म्हणे एका अभंगावर फिरले, रथ फिरवायला अख्खे गाव लागते. आणि प्रत्येक फेरीत तो देवळाच्या पाठीमागून जातो. ज्या बाजूला नामदेवांना घालवले, त्या बाजूला देवाला पाच वेळा यावे लागते. ही माझी जोड आहे, पोथीतली नव्हे.

प्रश्न : पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा खेचर, ते औंढ्याचेच ना? आणि आईचे वय 78, गुडघे दुखतात. गाभाऱ्यात उतरता येईल का?
– एक वाचक भगिनी, नांदेड

उत्तर : हो, प्रसिद्ध कथा औंढ्याचीच. तेरला गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी वाजवली, नामदेव कच्चे मडके ठरले आणि गुरू शोधत नागनाथाला आले. बघतात तर म्हातारा पिंडीवर पाय टाकून झोपलेला. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे उचलून ठेव. जिथे ठेवावेत तिथे पिंड. म्हणजे नामदेवांच्या दोन्ही गोष्टींत कोणीतरी देवाची जागा ठरवायला जाते आणि फसते. एकदा पुजारी, एकदा खुद्द नामदेव.

आईंचे म्हणाल तर लिंग तळघरात आहे. पायऱ्या अरुंद, वाकून उतरावे लागते, आत जागा थोडी आणि गर्दीत उकडते फार. श्रावणी सोमवारी आणि शिवरात्रीला अजिबात नेऊ नका. साधा वार बघा, सकाळी लवकर जा, एकाने पुढे उतरावे आणि एकाने मागे राहावे. नाहीच जमले तर सभामंडपात बसवा आणि मग हळूहळू बाहेरून फेरी घाला. जोत्यावरचे हत्ती त्यांना आवडतील.