चिनी ‘द’ आणि जपानी ‘नो’ एकच का?

तुम्ही विचारलंय की चिनीत ‘वो द शू’ आणि जपानीत ‘वाताशि नो होन’, दोन्हींचा अर्थ ‘माझं पुस्तक’. मग चिनी येणाऱ्याला जपानी नामपदबंध (म्हणजे नाम आणि त्याला जोडलेले शब्द) आयताच मिळतो का? अर्धाच मिळतो. विशेषण असो वा अख्खं वाक्य, दोन्ही भाषांत ते नामाच्या आधी बसतं, एवढं साम्य खरं. पण ‘द’ची व्याप्ती ‘नो’पेक्षा बरीच मोठी आहे.

‘मी घेतलेलं पुस्तक’ घ्या. चिनीत ‘वो माय द शू’, जपानीत ‘वाताशि गा कात्ता होन’. जपानीत ‘नो’ नाहीच! मला याचं कारण क्रियापदाच्या जागेत दिसतं. चिनीत कर्म क्रियापदानंतर येतं, त्यामुळे ‘द’ काढलात तर ‘वो माय शू’ म्हणजे ‘मी पुस्तक घेतो’ असं सरळ वाक्यच होतं. जपानीत मराठीसारखं क्रियापद शेवटी असतं; त्याच्यानंतर नाम आलं की आधीचा मजकूर त्या नामाचं विशेषण आहे हे आपोआप कळतं. आपण निदान ‘घेतलं’चं ‘घेतलेलं’ करतो, जपानी ‘कात्ता’ तेवढंही बदलत नाही. (क्रियापद कर्माच्या आधी, तरीही असं विशेषणवाक्य नामाच्या आधी, ही चिनीची जोडी जगातल्या भाषांत फार विरळ आहे.)

विशेषणाचंही तसंच. ‘खूप महाग पुस्तक’ चिनीत ‘हन ग्वेइ द शू’, जपानीत नुसतं ‘तोतेमो ताकाई होन’. चिनी विद्यार्थी इथे हमखास ‘ताकाई नो होन’ म्हणून बसतात. गंमत म्हणजे जपानी लहान मुलंही बोलायला शिकताना असा जादा ‘नो’ घालतात.

मोजणीच्या शब्दांत मात्र चिनी जास्त कडक. आपल्या ‘तीन जण’मधल्या ‘जण’सारखे हे शब्द, फक्त तिथे जवळपास प्रत्येक वस्तूला लागतात. ‘तीन पुस्तकं’ म्हणजे ‘सान बन शू’, आणि ‘ते पुस्तक’ म्हणतानाही ‘ना बन शू’. बोलण्यात ‘ना शू’ चालून जातं, पण शिकताना ‘बन’ची सवय ठेवा. जपानीत ‘आनो होन’ एवढंच. शिवाय जपानी आकडा नामाला सोडून फिरतो: ‘सान-सात्सु नो होन’ (तीन पुस्तकं; ‘सात्सु’ हा जपानीतला ‘बन’) बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘होन ओ सान-सात्सु कात्ता’ (‘पुस्तकं तीन घेतली’) जास्त सहज. चिनीत असा नामानंतर आकड्याचा क्रम यादीत किंवा हिशेबाच्या वहीत दिसेल, गप्पांत सहसा नाही.